पाहुण्यांनी ओढलेला हात

मी पदवीधर झालो तो माझ्या मामांमुळे. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. मामांनी मला केनवडला आपल्याकडे ठेवलं, रिसोडला शिकवलं, पुढे फिजिओथेरपीला पाठवलं. त्याच मामांना मागच्या वर्षी पक्षाघात झाला. डावी बाजू गेली.

आधी हात लुळा होता. मग हळूहळू कोपरात दुमडून छातीशी आला, मूठ आवळली. मी अकोल्याहून सुटीत गेलो तर घरात आनंदीआनंद.

"ताकद येऊन राह्यली," मामी म्हणाली. "मूठ पाह्य, सुटता सुटत नाही."

मी समजावलं. ही ताकद नाही, मामी. मेंदूचा लगाम सुटला म्हणून स्नायू आवळून धरतात. असेच राहिले तर ते आखूड होतील, मग हात कधीच सरळ व्हायचा नाही. हात सावकाश उघडायचा आणि उघडा ठेवायचा. झटका दिला की तो जास्तच आवळतो.

मामीने मान डोलावली. तेवढ्यात शेजारचे काका भेटायला आले. आमच्याकडे भेटायला आलेला माणूस नुसता बसत नाही. त्यांनी मामांचा पंजा धरला आणि खसकन ओढला.

"अरे बाप रे, पैलवान! सोडूनच नाही राह्यला!"

मामा हसले. चहा आला. पाठोपाठ आणखी दोघं आले, त्यांनीही ओढून पाहिलं. मी ओरडलोच, "काका, ओढू नका!"

"काहून? मामाले नाही दुखत, तुले कायले दुखून राह्यलं?"

सगळे हसले, मामासुद्धा. मी पंजा उघडा ठेवणारी पट्टी आणली होती. पाहुण्यांसमोर बरी दिसत नाही म्हणून मामी ती काढून ठेवायची, आणि पाहुणे दिवसभर असायचे. फोनवर विचारलं की मामी म्हणायची, "बांधतो ना बाप्पा, आता मानसं बसले हायेत." फोन स्पीकरवर, माझं बोलणं कुणीतरी मध्येच तोडायचं. शेवटी पुन्हा एकदा जाऊन आलो आणि वैतागून मामांना पत्र लिहिलं.

"मामा, मागच्या खेपेला तुमचा हात जेवढा सरळ होत होता, तेवढा या खेपेला झाला नाही. तळव्यात नखं रुतून जखम झाली आहे, ती तुम्ही मला दाखवली नाहीत. आलेल्या माणसाला नाही म्हणणं तुमच्याच्यानं होत नाही, हे मला माहीत आहे. पण आता म्हणा. राम राम उजव्या हाताने घ्या. डावा पट्टीतच राहू द्या, समोर कुणीही बसलेलं असो. रविवारी मी येतो. त्या दिवशी दार लावून ठेवीन. मामी रागावेल, गाव नावं ठेवील. ठेवू द्या.

तुमचा भाचा"