धुतलेले दगड

आमच्या भागात कधीकाळी समुद्र होता, असं मी सांगितलं की पिपरी मेघेतले शेजारी आधी माझ्याकडे बघायचे, मग आईकडे. पोरगी शिकून वाया गेली, असा त्या नजरेचा अर्थ. वर्धा जिल्ह्यात जिकडे तिकडे लाव्हाचा काळा दगड. समुद्र शोधायला मला हिंगणघाटवरून बस बदलत वणीकडच्या चुनखडीच्या खाणीत जावं लागे. तिथे समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुन्याचे थरावर थर बसून दगड झाला आहे, आणि त्या वेळच्या पाण्यातला कार्बन त्यात अडकला आहे, बराचसा हलका, थोडासा जड. समुद्रात जीव माजले की ते हलका कार्बन उचलतात, मरून गाळात गाडले जातात आणि पाण्यात जड कार्बनचं प्रमाण वाढतं. खालच्या थरापासून वर तपासत गेलं की समुद्राचे बरेवाईट दिवस कळतात. पण क्रमाने तपासलं तरच. क्रम गेला की हातात उरतात नुसते दगड.

माझ्या पीएचडीचा जीव त्या क्रमात होता. प्रत्येक दगडावर मार्करने थराचा नंबर घातलेला. विभागात जागा नव्हती, म्हणून सगळे दगड आमच्या हॉलमध्ये भिंतीशी मांडलेले. बाहेरच्या प्रयोगशाळेतल्या मशीनवर माझी पाळी यायची होती आणि मिळालेली मुदतवाढ शेवटची होती.

त्यात महालक्ष्म्या आल्या. त्या यायच्या म्हणजे घराचा कोपरान् कोपरा घासून काढायचा, हा आमच्याकडचा नेम. मी दिवसभर विद्यापीठात होते. संध्याकाळी परतले तर आईने मोरीत बसून, बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड ओतून, एकेक दगड घासला होता.

"मळके गोटे काय महालक्ष्मीसमोर ठेवाचे?" ती खुशीत म्हणाली. "पाह्य कसे उजयले! अ‍ॅसिड टाकलं का नुसता फेस येते."

फेस येणारच. अ‍ॅसिडने चुनखडी विरघळते. दगडांची वरची साल गेली होती, आणि सालीबरोबर नंबर. पिशव्यांवरही नंबर होते. पिशव्या सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेल्या होत्या.

मी इतकी ओरडले की समोरच्या घरातला टीव्ही बंद झाला. आई निवृत्त शिक्षिका, मुलांच्या पाट्या स्वच्छ ठेवण्यात तिचा जन्म गेला. ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. "मले का माहीत वं? मले वाटलं, तुले मदत होईन." नंतर ती एकेक दगड डोळ्यांजवळ धरून नंबराची खूण शोधत बसली. मला तिचा राग येत होता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं.

वहीत थरांची वर्णनं होती: करडा, बारीक कणांचा. पुढच्या पानावर पुन्हा करडा, बारीक कणांचा. माझ्याच अक्षरावर मी दात खाल्ले. पुन्हा खाणीत गेले. ज्या भिंतीतून दगड काढले होते, ती सुरुंगाने उडवून सिमेंटला गेली होती आणि खाली हिरवं पाणी साचलं होतं. त्या काठावर बसून मी भोकाड पसरलं. एक समुद्र दुसऱ्यांदा बुडाला, आणि मला त्यात काहीही करता येत नव्हतं.

तरी दगड नव्याने मोजून, आतल्या भागाची भुकटी करून पाठवली. बुडत्याला काडीचा आधार. आकडे आले, ते उत्तम होते. मी ते लहानापासून मोठ्यापर्यंत लावले, मग काही उतरत्या क्रमाने शेवटी ठेवले, आणि कागदावर एक सुरेख चढउतार उमटला. समुद्रात जीव वाढले, मग मेले. असाच आलेख मला हवा होता. तो चुकीचा आहे हे कोणाला कळणार होतं? दगड तर सगळे सारखेच करडे. दोन दिवस मी तो आलेख बघून जेवले, झोपले. तिसऱ्या दिवशी तेच आकडे दुसऱ्या तऱ्हेने लावून पाहिले, तर दुसरा समुद्र निघाला. तोही तितकाच सुरेख.

मार्गदर्शकांचा फोन आला. "आकडे छान आहेत. क्रमाची खात्री आहे ना?"

"नाही, सर," मी म्हटलं.

 ते म्हणाले, की मग याचा प्रबंध होत नाही, आणि नवे नमुने घ्यायला आता मुदत नाही. त्यांचा आवाज दुखावलेला होता. मी फोन ठेवला. इतकी वर्षं ज्यासाठी घालवली ते संपलं होतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"काय म्हणे सर? जमलं का वं?"

"जमलं," मी म्हटलं.

ती मटकन खुर्चीत बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. "मी तं भल्ली घाबरली होती. म्हटलं, आपल्या हातानं पोरीचं वाटोळं केलं." मग ओल्या डोळ्यांनीच हसली. "मंग आता डॉक्टर म्हनू ना तुले?"

मी म्हटलं, "म्हण."