भोपळ्याची ज्येष्ठा

इरा, नील, तुमच्या कुसुमआजीला मी शेवटचं पाहिलं तेव्हा ती दवाखान्यात खुर्चीवरून नर्सशी भांडत होती. न्यूमोनियाने आवाज बसला होता, नाकात नळी होती, आणि हिचं म्हणणं एकच, की ही हातांची खुर्ची न्या आणि बिनहाताची आणा. तुमचे आजोबा वैतागले. “कुसुम, आता काऊन उठून राह्यली? झोप नं मुकाट्यानं.” त्यावर ती म्हणाली, “उठून नाई राह्यली दादा. उठता येते का, ते पाहून राह्यली.” नर्स हसली, कुसुमही हसली... दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते तेव्हा दवाखान्याचा फोन आला. नंतर नीलने विचारलं होतं, “कुसुमआजी दिवसभर काय करायची गं?” व्यायाम करायची, एवढंच मी तेव्हा म्हणाले. आता मन जरा स्थिरावलं आहे, म्हणून पूर्ण उत्तर नीट, क्रमाने लिहिते.

कुसुम तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. लहानपणी वर्ध्याजवळच्या आंजी गावी असताना तिला मेंदूज्वर झाला. त्यातून ती वाचली, पण डावा हात-पाय कमजोर राहिला आणि फिट येऊ लागल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात तिच्यासाठी वेगळे नियम होते. विहिरीपाशी जायचं नाही, शेगडीपाशी बसायचं नाही, न्हाणीघराची कडी लावायची नाही, आरतीचं ताट धरायचं नाही. सगळे नियम प्रेमाने केलेले होते आणि त्यांतले काही गरजेचेही होते. पण तिला लागला होता तो एकच. आपल्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठेचा मुखवटा घरच्या लेकीने आणायचा आणि कनिष्ठेचा सुनेने, ही आपली रीत. मुखवटे मातीचे, पणजीच्या वेळचे. कुसुमच्या हातून पडला तर? म्हणून लेक घरात असतानाही आष्टीहून तिची चुलत बहीण बोलावली जायची. ती अंगणातून ज्येष्ठा घेऊन यायची, मी मागून कनिष्ठा, आणि कुसुम दाराआड उभी राहून थाळी वाजवायची. फार जोरात वाजवायची. त्या जोराचा अर्थ मला पहिल्या वर्षीच कळला होता.

साठी ओलांडल्यावर तिच्या आयुष्यात पल्लवी आली. वर्ध्याचीच मुलगी, फिजिओथेरपी शिकलेली, अपंगत्व आणि मिरगी असलेल्यांना व्यायाम शिकवण्याचं वेगळं प्रशिक्षण घेऊन परतलेली. आमच्या कॉलनीच्या सभागृहात तिने वर्ग सुरू केला. मी कुसुमला घेऊन गेले, तेव्हा पल्लवीने आधी न्यूरॉलॉजिस्टची परवानगी मागितली, मग गोळ्यांच्या वेळा, झोप, फिट येण्याआधी काही जाणवतं का, सगळं विचारलं. “डाव्या हाताले मुंग्या येतात,” कुसुम म्हणाली. इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं! मग सुरू झालं. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, पुन्हा बसायचं. भिंतीला धरून एका पायावर उभं राहायचं. जमिनीवरच्या पट्टीवरून चालायचं. ताटात चेंडू ठेवून तो न पाडता फिरायचं. उन्हाच्या वेळी वर्ग नाही, उपाशीपोटी नाही, रात्री झोप झाली नसेल तर नुसतं बसून पाहायचं. आणि पल्लवीचा एक मंत्र, “ताई, वळायच्या आधी थांबायचं.” डावा पाय नीट टेकला की मगच वळायचं.

वर्ग लागून थोडेच दिवस झाले असतील, कुसुमला तिथेच फिट आली. घरी अशा वेळी धावाधाव, कांदा, चप्पल, रडारड असे. इथे पल्लवीने घड्याळ पाहिलं, कुसुमला चटईवर कुशीवर वळवलं, डोक्याखाली शाल सरकवली, आणि बाकीच्यांना सांगितलं, “तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, थोडी हवा येऊ द्या.” सगळे आपापल्या खुर्च्या मागे घेऊन बसले. फिट थांबली. कुसुम बराच वेळ पडून होती. मग डोळे उघडून तिने पहिला प्रश्न विचारला, “ताट घेऊन फिराचा माहा नंबर गेला का वो?” काठी घेऊन येणारे एक काका म्हणाले, “गेला बाई! अन् तुहा चेंडूही मीच पाडला!” सभागृहभर हशा. फिटनंतर कोणी तिच्यासमोर हसलं, आणि तीही हसली, असं मी प्रथमच पाहिलं. रिक्षातून परतताना तिने माझा हात दाबला. “वहिनी, औंदा ज्येष्ठा मी आणीन.”

आजोबांनी साफ नाही म्हटलं. “तुले फिट आली तं? मुखवटा जाऊ दे, तू पडशीन त्याचं काय?” कुसुमने वाद घातला नाही. बाजारातून मुखवट्याच्या वजनाचा लाल भोपळा आणवला, त्याला काजळाने डोळे काढले, माझी जुनी नथ चिकटवली, आणि ताटात घेऊन घरभर फिरू लागली. “देवीची थट्टा करतं का वो?” आजोबा ओरडले. “थट्टा नाई दादा, रंगीत तालीम हाय.” भोपळा पडला की आमच्याकडे भाजी, मग नवा भोपळा. त्या पावसाळ्यात भोपळ्याची भाजी, भोपळ्याचे घारगे, भोपळ्याचं भरीत... शेवटी आजोबाच म्हणाले, “बाई, पाडू नको आता. मले भोपळा पाह्यवत नाई.” पुढे भाजी कमी होत गेली. फिट गेल्या नाहीत, गोळ्याही सुटल्या नाहीत, हे नीट लक्षात ठेवा. पण पायात ताकद आली, तोल आला, झोप लागू लागली. न्हाणीघरातून ती गुणगुणत बाहेर येऊ लागली.

तो दिवस उजाडला. पल्लवीने अट घातली होती, की डाव्या हाताला मुंग्या आल्या तर कुसुमने “घे” म्हणायचं आणि जागेवर बसायचं, बाजूच्याने ताट घ्यायचं. बाजूला अर्थात आजोबा. अंगणात कुसुमने ताट उचललं. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, आणि समोर दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं. मी मागे कनिष्ठा घेऊन. आजोबा दोन्ही हात पसरून असे वाकून चालत होते, जणू विकेटकीपर. “महालक्ष्मी आल्या, कशाच्या पावलांनी आल्या?” आतून शेजारणींनी विचारलं. “सोन्याच्या पावलांनी!” कुसुमचा आवाज खणखणीत. उंबरा ओलांडला. स्वयंपाकघर दाखवलं, धान्याची कोठी दाखवली. देवघराच्या वळणावर ती एकदम थांबली. शेजारणींची थाळी थांबली. आजोबांचे हात ताटाखाली गेले. कुसुमने डावा पाय सावकाश टेकला, मान किंचित वळवली आणि म्हणाली, “दादा, बाजूले हो नं! वळायचं हाय मले. अंगावर काऊन येऊन राह्यला?” काय हसलो आम्ही! माझं ताट हलायला लागलं, कनिष्ठाच पडते की काय असं झालं. कुसुमने ज्येष्ठा जागेवर बसवली, आणि आजोबा पुढचा सगळा वेळ डोळ्यांत धूर गेल्याचं सांगत होते. धूप तर अजून पेटवलाही नव्हता.

त्यानंतर दरवर्षी ज्येष्ठा तिनेच आणली. चुलत बहीण येत राहिली, पण पुरणपोळी खायला.

तिची बिनहाताची खुर्ची अजून खिडकीशी आहे, भिंतीपासून थोडी पुढे, ती ठेवायची तशीच. झाडताना मी ती हलवते आणि पुन्हा तिथेच ठेवते. काल बाजारातून आल्यावर आजोबा त्या खुर्चीत बसले, हात न टेकता उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. मग पिशवीतून लाल भोपळा काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला. माझी काजळाची डबी मागून घेतली. डोळे काढले, एक मोठा, एक बारका. “यंदा ज्येष्ठा कोण आणणार?” मी विचारलं. “घरची लेक आणन नं. इरा येऊन राह्यली गणपतीत. तिले फोन करजो, तिकडेही भोपळा भेटतच असन.”

तर इरा, मध्यम आकाराचा घे, फार गुळगुळीत नको. पडला तर भाजी कर. आणि बाळा, वळायच्या आधी थांब.