आमच्या साडूंनी न केलेला आरोप

आमच्या साडूंसारखा शंकेखोर माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नसेल. हे वाक्य त्यांच्यासमोर म्हटलं, तर "अख्खं नाशिक तपासलंत का?" असं ते शांतपणे विचारतील. जमीन मोजणी खात्यातली सगळी नोकरी त्यांनी पेठ-हरसूलच्या डोंगरांत काढली. त्यामुळे स्वतः मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हे अंगात भिनलेलं. दुधाची पिशवी ते मापात ओतून बघतात. पुतणीच्या लग्नात पत्रिकेवर सहा सदतीसचा मुहूर्त होता. नवरदेव अजून घोड्यावरच होता, तरी साडूंनी बरोबर सहा सदतीसला रिकाम्या स्टेजवर अक्षता टाकल्या आणि जेवायला बसले. "तुम्ही छापलंत, मी पाळलं," एवढंच म्हणाले. बरं, दुसऱ्याने त्यांना खोडून काढलं तर राग नाही. उलट खुर्ची पुढे ओढतात. आमच्या रविवारच्या चहाला म्हणूनच दोन-दोन तास लागायचे.

इंदिरानगरात त्यांच्या कॉलनीमागे एक नाला आहे. मागल्या वर्षी साडूंना तो अरुंद झाल्यासारखा वाटला. जुना नकाशा आणि टेप घेऊन ते स्वतः उतरले. नकाशात नऊ मीटर, जागेवर सहा. त्यांनी रीतसर अर्ज केला. ते कळून एका स्थानिक चॅनेलची मुलगी माईक घेऊन आली. साडू इस्त्रीचा शर्ट घालून अर्धा तास बोलले, नकाशा उलगडून दाखवला. संध्याकाळच्या बातमीत ते जेमतेम अर्धा मिनिट दिसले. मागे भुताच्या सिनेमातलं संगीत आणि खाली लाल पट्टी : 'काकांना नाल्यात दिसतो कट!' नकाशा कुठेच नव्हता.

कट हा शब्द साडूंनी उच्चारलाच नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून कॉलनीत ते 'कटकाका' झाले. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी मापं टाकली की खाली हसरे चेहरे यायचे. पुढे 'वातावरण बिघडतंय' म्हणून अ‍ॅडमिनने त्यांना काढूनच टाकलं. मेव्हणी संतापली. "केस ठोका त्या चॅनेलवर, बंदच पाडा!"

"बंद कशाला?" साडू म्हणाले. "त्यांना म्हणायचं ते म्हणू दे. माझं बोलणं तेवढं पुरतं दाखवायला हवं होतं."

त्यांनी चॅनेलला फोनही केला. "सर, व्ह्यूज मस्त आलेत, अजून एक करू या का?" असं उत्तर मिळालं.

मग मला फोन आला. "साडूभाऊ, तुम्ही तरी माझा अर्ज वाचला होतात ना?" अर्ज त्यांनी मला पाठवला होता, मी उघडलाही नव्हता. तो व्हिडिओ मात्र ऑफिसात दोघा-तिघांना दाखवून पोटभर हसलो होतो. "वाचतो," मी म्हणालो. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

चार-पाच महिन्यांनी सरकारी मोजणी झाली. नाला सहा मीटरच भरला आणि काठावरच्या एका नव्या भिंतीला नोटीस लागली. ती बातमी कुणीच दाखवली नाही. मी पेढे घेऊन गेलो, चुकलो म्हणालो. साडूंनी पेढा खाल्ला, माझ्या पाठीवर हात ठेवला, पण नाल्याचा विषय काही काढू दिला नाही.

हल्ली ते कशालाच हरकत घेत नाहीत. परवा फारच शांत शांत वाटायला लागलं, म्हणून मी मुद्दाम म्हणालो, "आपली गोदावरी शेवटी अरबी समुद्रालाच मिळते ना?" आणि कप खाली ठेवून वाट बघत बसलो.

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "असेल."