कपाटातलं बिऱ्हाड

आत्या लहान होती तेव्हाची गोष्ट. भुशाची टोपली कडेवर घेऊन ती दाराआड उभी होती आणि आत आईबाबांची जुंपली होती.

"डावीकडच्या झाडाला विचारलंत आणि तोडलंत उजवीकडचं?"

"फांद्या गुंतलेल्या एकमेकींत. मला काय स्वप्न पडलं होतं?" बाबा सुतार, पण आवाज लोहाराचा.

"मग आता त्या बिचाऱ्यानं जायचं कुठं?"

"राहील कपाटात. जागा काय कमी आहे?"

त्या मुलखात प्रत्येक जुन्या झाडात कुणाचं तरी बिऱ्हाड असतं. दिसत नाही, पण भुकेसारखं, आहे हे कळतं. झाड तोडायच्या आधी त्याला विचारायचं, खोडाला ओलं फडकं गुंडाळायचं. फडकं जड झालं की समजायचं, मंडळी निघाली. मग खांद्यावरून दुसऱ्या रिकाम्या झाडात नेऊन सोडायचं. बाबांनी ज्याला विचारलं ते बिऱ्हाड मुकाट्यानं हलवलं गेलं आणि त्याचं झाड ओढ्याकाठी उगाच रिकामं उभं राहिलं. न विचारलेलं मात्र लाकडाबरोबर घरात आलं. त्या लाकडाचं कपाट झालं, पण त्याचं दार काही उघडेना. बाबांनी रंधा मारला, बिजागऱ्या बदलल्या, शिव्याही देऊन पाहिल्या.

मोठेपणी आत्यानं हेच काम धरलं. सुताराच्या आधी जायचं, झाडांना विचारायचं, बिऱ्हाडं हलवायची. ओझ्यानं तिचा एक खांदा कायमचा खाली आला. संध्याकाळी घरी आली की ती कपाटाला पाठ टेकून पाय पसरायची आणि दिवसभराचं सांगायची. कोणतं चटकन निघालं, कोणत्या म्हाताऱ्यानं किती नखरे केले. शेवटी विचारायची, "येतंस का? ओढ्याकाठचं झाड तुझ्यासाठी रिकामं ठेवलंय."

दार ढिम्म.

"रुसलंय अजून."

"कपाटाशी गोड आणि आमच्याशी तिखट," भावजय भाजी चिरता चिरता म्हणायची.

"ते उलटून बोलत नाही ना, म्हणून."

यंदा मात्र ओढ्याकाठचं झाड शेंड्याकडून वाळू लागलं. बिऱ्हाडाविना किती तग धरणार? इकडे आत्याला चार पावलांत धाप लागायची.

"वन्सं, राग मानू नका," भावजय एकदा हळूच म्हणाली. "पण तुमच्यामागे त्याच्याशी गप्पा मारणं मला नाही हो जमायचं. पोरं फोडून चुलीत घालतील."

त्या संध्याकाळी आत्यानं काही सांगितलं नाही. नुसता कपाटावरून हात फिरवला. ती रोज टेकायची तिथलं लाकूड तेवढं उबदार लागलं. रुसलेलं कुणी पाठीला ऊब देतं होय?

"लबाड कुठलं! रुसलं नव्हतंसच तू. गोष्टी ऐकत बसलं होतंस." तिला हसू आलं, मग डोळे पुसावे लागले. "पण मी काही तुला जन्माला पुरायची नाही. ओढा बडबड्या आहे. त्याचं संपत नाही कधी."

बराच वेळ गेला. मग कर्रकन दार उघडलं. आत काहीच नव्हतं, ओल्या पानांचा वास तेवढा.

सकाळी तिनं कपाटाला ओलं फडकं गुंडाळलं. सोडलं तेव्हा ते चांगलंच जड होतं.

"आज तरी पडून राहा," भावजय म्हणाली.

"कामाला जातेय. दोरा हवाय ना तुला? पांढरा की काळा?"

"काळा."

ती आत्याची शेवटची खेप. वाटेत थांबत थांबत ती ओढ्याशी पोचली, फडकं खोडाला गुंडाळलं, ते हलकं होईपर्यंत सावलीत टेकली. मग उठून खोडावर थाप मारली, "सांभाळून राहा हं," म्हणाली, फडकं पिळलं, झटकलं, उतरत्या खांद्यावर टाकलं आणि काळा दोरा घ्यायला दुकानाकडे वळली.