करडा चेहरा

हे लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पण पत्तेवाले काका डोक्यातून जाईनात, म्हणून टाकतेय लिहून.

इमारत बांधायच्या आधी ती कॉम्प्युटरवर उभी करून दाखवणारं आमचं एक छोटं ऑफिस. थ्रीडी मॉडेल म्हणजे नुसता सांगाडा असतो. विटा, लाकूड, फरशी हे सगळं टेक्स्चर, म्हणजे वरून चढवलेले फोटो. आणि मॉडेलच्या पोटात बऱ्याचदा ते फोटो नसतातच, ते कुठे ठेवलेत त्याचा नुसता पत्ता असतो. फाइल दुसऱ्या मशीनवर नेली की पत्ता खोटा आणि अख्खं घर करडं. ते पत्ते दुरुस्त करणं, हेच काकांचं काम.

"काका, माझा बंगला परत करडा पडला!" आम्हा पोरींपैकी कुणीतरी रोज ओरडायची.

"बंगला नाही बाई, तुझं डोकं करडं पडलंय. फोटो परत डेस्कटॉपवर ठेवलेस ना? मॉडेलच्या शेजारी एक फोल्डर कर, सगळे त्यात टाक. तो मारुतीच्या शेपटीएवढा पत्ता काढ, नुसतं फोल्डरचं आणि फोटोचं नाव ठेव. मग ने कुठंही."

काकांचा हट्ट एकच. एवढासा करडा डाग असला तरी फाइल हातातून सोडायची नाही.

काकांचा दादा हॉस्पिटलात होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. दादा फोटोग्राफर. आई असताना चारी बाजूंनी फोटो काढून त्यानं तिच्या चेहऱ्याचं मॉडेल केलेलं. फोनवर म्हणाला, "एकदा आईला फिरवून दाखव रे. लवकर ये."

काकांनी आपल्याकडची ती फाइल उघडली. आई करडी. डोळे, ओठ, सगळी माती. पत्ता दादाच्या जुन्या मशीनचा, आणि ते कधीच मोडीत गेलेलं.

"दादा, फोटो कुठंयत?"

"मला काय विचारतोस? पत्तेवाला तू!" हसता हसता त्याला ढास लागली. "नसले तर राहू दे. तू ये."

पण काका ऐकतायत होय! दादाच्या घरी जाऊन माळा उपसला, जुनी हार्ड डिस्क शोधली, एकेक पत्ता बदलला. चेहऱ्यावर रंग चढला, गालावरचा तीळसुद्धा आला. केस मात्र करडेच. तेवढा फोटो सापडेना.

वहिनीचा फोन आला. "भाऊजी, निघालात का? सारखे दाराकडे बघतात."

"केस तेवढे राहिलेत वहिनी. उद्या आणतोच."

दुसऱ्या दिवशी केस सापडले, भलत्याच फोल्डरात. काका लॅपटॉप छातीशी धरून धावत सुटले.

वहिनी दारातच उभी होती. "पहाटेपासून शुद्ध नाही."

काका खाटेला टेकून बसले. आईला हळूहळू फिरवत राहिले. "दादा, हा बघ तीळ. हे केस. बघ ना रे."

दादाचे डोळे मिटलेलेच.

"काल तशीच आणायचीत ना, भाऊजी," वहिनी म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी दादा गेला. काका आता ऑफिसात कुणाशी धड बोलत नाहीत. पोरीही त्यांना हाक मारायला बिचकतात.

प्लीज, कुणी तुमची वाट बघत असेल तर उठा आणि भेटून या. काहीतरी राहिलंय म्हणून थांबू नका. राहू दे ते. जा लवकर.