कोरल मावशीची चाळीस पावलं

मी टेट-लिंडहोम आर्किटेक्ट्समध्ये नोकरीला लागलो तेव्हा ऑस्ट्रेलियात बैठकीआधी वाचतात तो ऋणनिर्देश आमच्या कंपनीत दोन ओळींचा होता: ही जमीन इथल्या मूळच्या विराजुरी लोकांची आहे, त्यांच्या ज्येष्ठांना आमचा नमस्कार. पुढे दर वर्षी कोणीतरी त्यात एकेक क्रियापद घालत गेलं. आम्ही स्मरतो, शिकतो, ऐकतो, सोबत चालतो. आता तो दोन पानी झाला आहे आणि बैठक शौचालयाच्या टाइल्सवर असली तरी आधी तो वाचला जातो. आमचा प्रमुख डंकन टेट सिडनीहून येतो आणि स्वतः वाचतो. त्यातला शब्दन् शब्द त्याला खरोखर पटलेला असतो. डंकन ढोंगी असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

आमची गावातली शाखा म्हणजे बेकरीवरच्या दोन खोल्या. त्यामुळे ज्या ज्येष्ठांना आम्ही वर नमस्कार करत असतो, त्यांतली कोरल मावशी बऱ्याचदा त्याच वेळी खाली मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, घ्यायला रांगेत उभी असते.

तिला अख्खं गाव मावशी म्हणतं, तिच्याहून वयाने मोठा असलेला निवृत्त पोस्टमास्तरसुद्धा. वय एकोणऐंशी. एकतीस वर्षं तिने इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री केली. सुरकुती कापडावरची असो की बोलण्यातली, तिला लांबून दिसते. गुरुवारी बिंगो, रविवारी नातवांची फुटबॉल मॅच, आणि मधल्या वेळात पाहुण्यांचं स्वागत. ऋणनिर्देश कोणीही करावा. स्वागत मात्र ज्यांची जमीन त्यांनीच करायचं. दुसऱ्याच्या घरी जाऊन आपण "या, बसा" म्हणत नाही, तसंच. मावशीचं स्वागत वीस वर्षांत बदललेलं नाही. "आलात, बरं केलंत. ही आमची जमीन. नीट वागा, आणि कचरा आपापल्या घरी न्या." पोसम या झाडावरच्या केसाळ प्राण्याच्या कातड्याचा मानाचा झगा ती फक्त हिवाळ्यात घालते. जानेवारीच्या भर उन्हाळ्यात कोणी आग्रह केला तर म्हणते, "आधी तू घाल. तू जिवंत राहिलास तर मी घालते."

तर गावाला डायलिसिसचं केंद्र मंजूर झालं. अकरा वर्षं अर्ज करून. मावशीची धाकटी बहीण व्हेरा आठवड्यातून तीनदा मिनीबसने दोन तास जाते, यंत्राला जोडून घेते आणि पुन्हा दोन तासांचा प्रवास करून अर्धमेली परत येते. केंद्राचं काम आम्हाला मिळालं. जागा नदीच्या वळणावर, गवताची, सपाट, सुंदर. डंकनने ठरवलं, की आधी ज्येष्ठांचं ऐकायचं.

पहिल्या बैठकीत मावशीने नकाशा उलटसुलट केला, दारावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथून पाणी येतं."

डंकनची सहकारी इमोजेन हिने वहीत लिहिलं: जलस्मृती. पुढच्या नकाशात प्रतीक्षालयाच्या फरशीवर निळ्या लाटा आल्या. काढल्या मीच.

दुसऱ्या बैठकीत मावशी म्हणाली, "अगं पोरी, खरोखर येतं. ओलं असतं ते."

त्यावर छताला लाटांच्या आकाराच्या लाकडी पट्ट्या आल्या.

तिसऱ्या बैठकीत तिने खुर्ची पुढे ओढली आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "आमची झोपडी तिथेच होती. पाणी चढायला लागलं की आजी आम्हाला दोघींना उचलायची आणि त्या टेकाडावर नेऊन ठेवायची. चाळीस पावलं. मी मोजलीयत, कारण व्हेरा सबंध वाट रडायची."

डंकनने डोळे पुसले. पुढच्या नकाशात आजीची चाळीस पावलं पितळेत ओतून दारापासून बागेपर्यंत बसवायची ठरली होती.

मी डंकनला जिन्यात गाठलं. "ती पुराबद्दल बोलतेय. साध्या पुराबद्दल."

"मला कळतं रे," तो म्हणाला. "पण नकाशावरची पूररेषा कुंपणाबाहेर आहे."

हे मी खाली बेकरीत मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "नदीकडे नकाशा आहे का?"

"मग आरोग्य खात्याला लेखी कळवा ना," मी म्हणालो.

उत्तर शेजारी बसलेल्या व्हेराने दिलं. "खबरदार. अकरा वर्षांनी मिळालंय. ही तोंड उघडेल आणि माझं मशीन पुढच्या गावाला जाईल. पाय ओले झाले तर होऊ देत. मी मोजे जास्त आणीन."

"मशीनला मोजे घालशील का?" मावशीने विचारलं.

"तुला इस्त्रीशिवाय काही कळतं का?"

"कळतं. वीज आणि पाणी एकत्र करायचं नसतं. इस्त्रीनेच शिकवलं."

व्हेराने मावशीच्या मीट पायमधला कुरकुरीत कडेचा तुकडा काढून घेतला. त्या घरात याला वाद मिटणं म्हणतात.

भूमिपूजनाचा दिवस मार्चमध्ये आला. मंडप, ऐंशी खुर्च्या, बार्बेक्यूवर सॉसेज, लाल फीत बांधलेलं फावडं. आरोग्य खात्याच्या संचालक बाई खास आल्या होत्या आणि परतीचं विमान साडेबाराचं होतं. व्हेरा पहिल्या रांगेत, पर्स छातीशी धरून, बहिणीकडे डोळे वटारून बसली होती. डंकनच्या हातात ऋणनिर्देश होता. खास प्रसंगासाठी तो तीन पानांवर गेला होता. पण आधी स्वागत.

मावशी माइकपाशी गेली. व्हेराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "मला इथे स्वागत करता येणार नाही."

मंडपात फक्त सॉसेजचं चुरचुरणं राहिलं.

"टेकाडावर करीन. ती जमीन आमची. ही जागा नदीची आहे, ती अधूनमधून वापरायला येते. तिच्या वतीने मी या-बसा कसं म्हणू? तुम्ही तिलाच विचारा."

संचालक बाईंनी घड्याळ पाहिलं आणि डंकनला म्हणाल्या, "आपण सुरू करूया का तसंच?"

डंकन पांढराफटक पडला. आमच्या कंपनीच्या नियमपुस्तकात, पान सहावर, त्यानेच लिहिलं होतं: स्वागताशिवाय कोणताही कार्यक्रम सुरू करू नये. "नाही करता येत," तो म्हणाला, आणि मला वाटतं, ऋणनिर्देशातल्या 'ऐकतो' या क्रियापदाला त्या दिवशी पहिल्यांदा काम मिळालं.

मग ऐंशी माणसांनी आपापली खुर्ची उचलली. पुढे मावशी काठी टेकत, मोठ्याने पावलं मोजत. मागे बँकेचे मॅनेजर, नर्सेस, फुटबॉल क्लब, दोन नगरसेवक आणि बार्बेक्यू. संचालक बाईंनी खुर्ची स्वतः उचलली होती, म्हणून हा खटाटोप कशासाठी ते त्यांना विचारावंसं वाटलं.

"मावशी, खाली पाणी येतं म्हणजे... प्रतीक म्हणून?"

"नाही हो. गुडघ्यापर्यंत. मी पंधरा वर्षांची असताना कमरेपर्यंत."

बाई थांबल्या. "डंकन, यंत्रांची वायरिंग जमिनीखालून आहे ना?"

डंकनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो."

चाळिसाव्या पावलावर मावशी वळली. "आलात, बरं केलंत," ती म्हणाली. "ही आमची जमीन. नीट वागा, कचरा घरी न्या." फीत बांधलेलं फावडं खालीच राहिलं होतं; संचालक बाईंनी सॉसेज उलटायच्या झाऱ्याने माती उकरली. विमान चुकलंच.

मशीन पुढच्या गावाला गेलं नाही. नकाशांचं काम मात्र नऊ आठवडे लांबलं. मी सगळं चाळीस पावलं वर सरकवलं आणि खाली गाड्या लावायची जागा काढली. पितळी पावलं ओतून झालीच होती, ती गाड्यांपासून वरच्या दारापर्यंत बसवली. म्हाताऱ्यांना वाट शोधायला उपयोगी पडतात. दारापाशी उभा करायचा, सबंध ऋणनिर्देश कोरलेला उंच दगडही तयार होता. तो इतका जड होता की जिथे ट्रकमधून उतरवला तिथेच, खाली, राहिला.

पुढच्या वर्षी इमारतीला पारितोषिक मिळालं. मानपत्रात होतं, की वास्तू नदीपुढे नम्रपणे मागे सरून तिच्याशी संवाद साधते. मी ते मावशीला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

"यात 'पाणी येतं' हे कुठे आहे?" तिने विचारलं.

दुसऱ्या वसंतात नदी आली. पूररेषा ओलांडून, कुंपण ओलांडून, गाड्यांच्या जागेत, बिनबोभाट. आदल्या दिवशीच गाड्या हलवल्या होत्या. मी पंप बघायला केंद्रात गेलो तेव्हा व्हेरा खिडकीशी यंत्राला जोडलेली होती, कोरड्या मोज्यांत, आणि चहा पाणचट असल्याची तक्रार करत होती. मावशी शेजारी विणत बसली होती. खाली ऋणनिर्देशाच्या दगडावरच्या शेवटच्या काही ओळी तपकिरी पाण्यात बुडाल्या होत्या.

"बघ," व्हेरा म्हणाली, "नदी ते वाचतेय."

मावशीने चष्म्यावरून पाहिलं. "खालून सुरुवात केलीय. पण पूर्ण नाही वाचणार. डंकनचं लिखाण आहे. अर्ध्यात कंटाळेल आणि परत जाईल."