विहिरीवरच्या बुढीचा मुलगा

इथले भुताखेतांचे अनुभव मी रोज वाचते आणि बहुतेकांना मनातल्या मनात हसते. खोटं कशाला सांगू... आमगावात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. लग्नसराईत ब्लाउज वेळेवर देता देता नाकी नऊ येतात. त्यात एखादं भूत आलंच, तर त्यालाही ‘उद्या या’ म्हणेन असा माझा स्वभाव. देवाला हात जोडते, पण अंगात येणाऱ्या बायकांपासून चार हात लांब राहते. तरी आज लिहितेय, कारण घरात कोणाला सांगू शकत नाही.

माझा धाकटा भाऊ विजय. सालेकशाच्या पुढे जंगलाला लागून आमचं गाव आहे. वडील गेल्यापासून तिथे तो आणि माय दोघंच राहायचे. विजयला मोबाइलवरच्या एका गेमचं वेड होतं. गेम साधाच — एक मुसाफिर गावोगाव फिरतो, सामान गोळा करतो, चोरांशी मारामारी करतो. त्यातल्या एका गावात विहिरीवर एक बुढी बसलेली असते. तिच्यावर बोट ठेवलं की ती म्हणते, “पानी पी लो, फिर जाना.” बस, तिचं काम संपलं. सगळे पाणी पिऊन पुढे जातात.

विजय मात्र तिथेच अडकायचा. दुकानात आला की माझ्या मशीनशेजारी बसून मला दाखवायचा.

“ताई, पाह्य ना. दारात गड्याची चप्पल आहे. बुढी तर अनवाणी. मंग कोणाची असन?”

“नवऱ्याची असन तिच्या. तू चहा पी.”

“नवरा मेला तिचा, हातात बांगड्या नाई. अन् दोरीवर शर्ट वाळून राहिला तो तरण्या पोराचा आहे. चुलीजवळ ताटं दोन. पोरगा आहे तिले ताई, गेमवाल्यांनी दाखवलाच नाई.”

मी टेलर. शर्टाचा खांदा पाहून म्हटलं, माप तर तुझंच दिसते. त्यावर आम्ही दोघं खूप हसलो होतो.

त्या उन्हाळ्यात विजय गावातल्या काही पोरांसोबत हैदराबादला कामाला गेला. नवीन फोन घेतला होता, जुना मला देऊन गेला. “बुढीवर ध्यान ठेवजो,” म्हणाला. स्टेशनवर उतरलो, असा फोन आला. त्यानंतर काहीच नाही... नंबर बंद. सोबतची पोरं म्हणाली, गर्दीत मागे राहिला असेल असं वाटलं, पण मग दिसलाच नाही. पोलिसांत तक्रार झाली. मोठे बाबा, म्हणजे आमच्या वडिलांचे थोरले भाऊ, स्वतः जाऊन शोधून आले. हे तिसरं वर्ष.

त्याची आठवण म्हणून मी तो जुना फोन चार्ज करून ठेवते. गेम उघडते, विहिरीपर्यंत जाते, पाणी पिते, बंद करते. एकदा मायला सहज त्या बुढीची गोष्ट सांगितली. मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, स्क्रीनवरचं तिला काही दिसत नाही. पण तेव्हापासून तिचा फोन आला की पहिलं हेच — “बुढी बसून आहे का?”

“आहे, माय.”

“पोरगा आला का तिचा?”

“नाई अजून.”

ह्याने मायला का कोण जाणे, बरं वाटायचं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गावात मोहफुलं पडायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा साफ करतात, आणि ज्याचं झाड त्याच्या जुन्या कपड्याची पट्टी खोडाला बांधतात. मग त्या झाडाखालचं दुसरं कोणी वेचत नाही. विजय गेल्यानंतरच्या मोसमात माय म्हणाली, त्याच्या झाडाला त्याच्याच शर्टाची पट्टी पाहिजे. मी त्याच्या निळ्या चौकड्याच्या शर्टाची कापली. कडा उसवत होत्या म्हणून टीप मारली. निळा दोरा संपला होता, पिवळा वापरला. मायने हातानं चाचपून ती बांधली.

दुकानात परत येऊन गेम उघडला. बुढीच्या झोपडीमागे एक झाड आहे, ते पहिल्यापासून होतं. आता त्याच्या खोडाला पट्टी होती. निळ्या चौकड्याची, कडेनं पिवळी रेघ...

हा गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं. लोकांनी आपापले फोटो टाकले. चप्पल तीच, शर्ट तोच, ताटं दोन. झाड सगळ्यांचं उघडं. मी माझा फोटो टाकला तर म्हणाले, एडिट केलाय. त्या फोनमध्ये सिमसुद्धा नाही हो, नवीन काही येणार कुठून?

मला भीती नाही वाटली. आनंद झाला, खूप आनंद झाला. वाटलं, तो कुठंतरी आहे आणि त्याला आमचं दिसतंय.

यंदा मी गावी गेले होते तेव्हा मोठे बाबा घरी येऊन बसले. कोणी परत यायची आशा उरली नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. ते म्हणाले, “बाई, पोराले मोकळं करू. किती दिवस असं?”

माय शांतपणे म्हणाली, “ती बुढी उठली का विहिरीवरून? नाई ना? मंग मी कायले उठू?”

मोठ्या बाबांना काही कळलं नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले. मी मान खाली घातली.

त्याच आठवड्यात, भरदुपारी, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून गेम उघडला. दारातली चप्पल नव्हती. दोरीवर शर्ट नव्हता. चुलीजवळ ताट एकच. झाडाची पट्टी गेलेली, आणि झाडाखाली पळसाची पानं मांडून केलेला माणसाएवढा पुतळा. बुढी विहिरीवरच होती. मी तिच्यावर बोट ठेवलं. ती बोलली नाही. परत ठेवलं, दाबून धरलं... काही नाही. मी शटर ओढून घेतलं आणि आत बसून रडले.

संध्याकाळच्या गाडीनं मायकडे गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले होते. पाय धुवायच्या आधीच तिनं विचारलं, “बुढी बसून आहे ना?”

“बसून आहे, माय.”

“मंग पट्टी काप. मोहाचे दिवस आले.”

त्याचा शेवटचा शर्ट काढला. निळा दोरा होता, तरी पिवळाच ओवला. मायनं पट्टी बांधली. आमगावला येऊन पाहिलं तर गेममधलं झाड उघडंच होतं. पुतळ्याच्या जागी राख.

हे काय आहे, मला माहीत नाही. तुम्ही कोणी सांगाल अशी आशाही नाही. मोठे बाबा आता विधीचं बोलत नाहीत, त्यांनी मायच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरवलंय. ती खूश आहे. काल फोनवर म्हणाली, “डोळ्याची पट्टी सुटली की तो फोन माह्या हातात देजो बाई. आता मीच पाहीन.”